झेंड्यांच्या मधलं पाणी

४ मे, सोमवार

दुपारी सव्वादोनला कॅसिडी हेडला उतरले. बसवाल्याने पेट्रोल पंपासमोर सोडलं, बसच्या पोटातून माझी सॅक ओढून काढली आणि विचारलं, लेकीकडे आलीस का. मी म्हटलं, नाही, हिंडायला. त्याने सॅककडे बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं, ‘बरं आहे की मग’ म्हणाला आणि गाडी हाकली.

न्यूकासल सोडून अकरा दिवस झाले. हा किनारा मी आणि माझा नवरा डेस व्हॅनमधून करणार होतो, थेट केर्न्सपर्यंत. डेस गेल्यावर दोन हिवाळे व्हॅन अंगणात उभी होती. मला ती एकटीला मागे घेता येत नव्हती, म्हणून शेवटी विकली. बसचा पास काढला तेव्हा बेव्हताई म्हणाली, ‘त्रेसष्टाव्या वर्षी माकडासारखी वरच्या बिछान्यावर चढणार का तू? पडलीस तर मला फोन करू नकोस.’ अजून पडलेले नाही. इथे तर खालचा बिछाना मिळाला.

हॉस्टेल म्हणजे खांबांवर उभं जुनं लाकडी घर आहे. व्हरांड्याच्या कठड्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॉवेल वाळत असतात. चालवणारी बाई जॅनाइन, पंचेचाळिशीची. खांद्यात फोन दाबूनच बोलते. सकाळी नऊ ते बारा साफसफाई करायची आणि बदल्यात झोपायला फुकट, असं ठरलं. दोन आठवडे इथे राहीन म्हणते. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो.

काम शिकवायला केर्तू आहे. एस्टोनियाची, तेवीस वर्षांची. तीही बिछान्यासाठी झाडू मारते. मुलगी चेहरा जराही न हलवता विनोद करते. मला म्हणाली, ‘तू इथली सगळ्यात म्हातारी बॅकपॅकर. आधीचा विक्रम सदतीसचा होता.’

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी कुणी मला सांभाळून बोललं नाही.

५ मे, मंगळवार

सगळ्यात मोठं काम फ्रिजचं. प्रत्येकाने आपली पिशवी नाव आणि जाण्याची तारीख लिहून ठेवायची. तारीख उलटली की पिशवीतलं सगळं फुकटच्या फळीवर. आज फळीवर अर्धा किलो तांदूळ, तीन बाटल्यांत तळाशी उरलेलं सोया सॉस आणि अख्खा भोपळा होता. भोपळ्याचं सूप केलं. केर्तू दोन वाट्या प्यायली.

इथे माणसं दोनच प्रकारची, वर उत्तरेला जाणारी आणि खाली दक्षिणेला येणारी. खाली येणारे वर जाणाऱ्यांना कुठे काय बघायचं ते सांगतात आणि आपली उरलेली मच्छर अगरबत्ती देऊन टाकतात. केर्तू वर जाणारी. एकोणीस तारखेला उत्तरेच्या एअर्ली गावाहून तिची बोट आहे, तीन दिवस बेटं आणि प्रवाळ. पैसे भरून झालेत आणि पोहता येत नाही. ती सपाट जंगलातल्या गावची, तिथे पाणी म्हणजे गोठलेलं तळं. मी विचारलं, मग बोट कशाला घेतलीस? म्हणाली, ‘पैसे भरले की माणूस शिकतो, असा माझा अंदाज आहे.’

मी शिकवीन म्हटलं. शाळेच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं काढली, आणि दर उन्हाळ्यात डेसच्या जीवरक्षक क्लबमध्ये लहान पोरांना तरंगायला शिकवलं. एवढं एक मला येतं.

दुपारी किनारा बघून आले. लांबच लांब पिवळी वाळू, माणूस जवळजवळ नाही. मधोमध लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले, म्हणजे जीवरक्षकांचा पहारा, यांच्याच मधे पोहायचं. जीवरक्षकांचा हंगाम एप्रिलअखेर संपतो, म्हणून नवल वाटलं, पण इथले लोक हौशी असतील. झेंड्यांच्या मधे उतरले. मध्ये पाणी संथ होतं, लाट नाही. दहा मिनिटं पोहून बाहेर आले तर माझा टॉवेल बराच डावीकडे दिसला. वारा असेल.

६ मे, बुधवार

आज मला स्वतःची लाज वाटली, ते लिहून ठेवते.

केर्तूला कंबरभर पाण्यात घेऊन गेले. पाठीखाली हात धरला, डोकं मागे टाकायला सांगितलं. ती लाकडासारखी ताठ. तिसऱ्या खेपेला माझ्या पायाखालची वाळू सरकली. आम्ही दोघी न हलता आत चाललो होतो. मी तिचं मनगट धरलं आणि सरळ किनाऱ्याकडे न येता आडवी, उत्तरेकडे चालत सुटले. पाण्याला आत खेचणारी ओढ असली की आडवं जायचं, हे डेसने लग्नाआधी शिकवलं होतं. पाय टेकले तेव्हा केर्तूचे दात वाजत होते. तिला वाटलं, हाही धड्याचा भाग.

मग वाळूच्या टेकडीवर बसून मी पहिल्यांदा समुद्राकडे नीट बघितलं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, पांढऱ्या. आणि बरोबर दोन झेंड्यांच्या मधे एक गुळगुळीत, गडद पट्टा आत गेलेला. तिथे लाट फुटत नाही, कारण किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथूनच परत जातं. नवख्याला तीच जागा शांत वाटते. एकतीस वर्षं जीवरक्षकाबरोबर संसार केलेल्या मला हे काल दिसलं नाही, कारण झेंडे दिसले. आम्ही लोक झेंडे दिसले की समुद्राकडे बघतच नाही. कुणीतरी आपल्यासाठी आधीच बघून ठेवलंय असं धरून चालतो.

कुणीतरी हे झेंडे ओढीच्या तोंडावर रोवलेत. चुकून इतकं अचूक बसत नाही.

जॅनाइनला सांगितलं. ती म्हणाली, गावातली टारगट पोरं असतील. इथे पहारा कसला, क्लब बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली. मग फोन वाजला.

७ मे, गुरुवार

फ्रिज आटोपून किनाऱ्यावर गेले आणि दोन्ही झेंडे उपटले. कापड जुनं, उन्हाने विटलेलं, पण ओलं. काल रात्री पाऊस नव्हता.

घेऊन गेले ते गळ आणि आमिष विकणाऱ्या मर्व्हच्या दुकानात, कारण जॅनाइन म्हणाली होती की जुन्या क्लबचं त्याला माहीत आहे. म्हातारा पंचाहत्तरीचा, हाताच्या कातडीवर उन्हाचे डाग. मला दारातच थांबवलं. झेंडे आत आणू नकोस म्हणाला. मी विचारलं, हे कुणाचे? तो कोळंबीच्या पिशव्या मोजत राहिला. मग म्हणाला, ‘बाई, जिथे होते तिथे ठेवून ये. जसेच्या तसे. आणि स्वतः रोवू नकोस. वाळूवर आडवे टाक आणि ये.’

मी म्हटलं, तिथे पोरं बुडतील. तो म्हणाला, ‘पोरांना सांग नका जाऊ. सांगणं वेगळं, पहारा करणं वेगळं.’

म्हातारा जरा हललाय असं वाटलं. झेंडे हॉस्टेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत, यंत्रामागे ठेवले.

संध्याकाळी फळीवरचं एक जाडं पुस्तक काढलं, भरती-ओहोटीवरचं. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते. डेस म्हणायचा, तू समुद्र वाचून शिकलीस, मी भिजून. चाळीस पानं झाली.

८ मे, शुक्रवार

यंत्रामागे झेंडे नाहीत. फरशीवर ओल आणि वाळू.

किनाऱ्यावर उभे. पण कालच्या जागी नाहीत, दक्षिणेला ऐंशी पावलं. रात्रीत वाळू हलली असणार, कारण ओढही तेवढीच दक्षिणेला गेली होती, आणि झेंडे तिच्या दोन काठांवर नेमके. आजूबाजूला वाळूवर पाऊलखूण एकच, सीगल पक्ष्याची.

मधल्या पाण्यात आपल्याच हॉस्टेलची पाच पोरं, फ्रेंच जोडपं आणि तीन जर्मन. मी हाका मारून बाहेर बोलावलं. जर्मनांतला उंच, यॉर्न नावाचा, हसत म्हणाला, ‘अगं आजी, झेंडे आहेत ना. तुमच्याच देशाचा नियम. विमानात फिल्म दाखवली आम्हाला.’ मी म्हटलं, झेंडे चुकीचे आहेत. तो म्हणाला, मग बरोबरचे कुठे?

रोज येऊन झेंडे उपटले तरी ते उभे राहणार आणि ही पोरं आत जाणार. म्हणून मी काढले आणि उत्तरेला, जिथे वाळूचा उथळ बांध आहे आणि लाटा नीट फुटतात, तिथे रोवले. टाच मारून पक्के केले. पोरं निमूट तिकडे गेली. मी दुपारभर बसून राहिले.

डेसने पण हेच केलं असतं.

९ मे, शनिवार

झेंडे माझ्याच जागी. हलले नाहीत. मी एकटीच हसले.

केर्तूला त्या उथळ पाण्यात तरंगायला शिकवलं. आज पाठ सैल सोडली तिने, दहा आकडे होईपर्यंत वर राहिली. मग नाकात पाणी गेलं आणि एस्टोनियन भाषेत काहीतरी बोलली. अर्थ विचारला तर म्हणाली, तुझ्या वयाच्या बायकांसाठी नाही तो.

नंतर मी वाळूवर बसले. दर दहा मिनिटांनी पाण्यातली डोकी मोजायची, ही डेसची सवय. पोरं सहा गेली होती, फ्रेंच जोडपं, तीन जर्मन, केर्तू. सव्वाअकराला डोकी सात. परत मोजली. सात. साडेअकराला सहा. पाण्यावर ऊन चमकत होतं, चूक होते.

ही वही आता पहाऱ्याचीही. वेळ आणि आकडा लिहायचा.

१० मे, रविवार

१०.०० आत ८, डोकी ८.
१०.१० आत ८, डोकी ९.
१०.२० डोकी ९.

नावाने मोजलं की आठ होतात. डोक्यांनी मोजलं की नऊ. जास्तीचं सगळ्यात लांब आहे, काळे ओले केस, पाठ आपल्याकडे, तोंड आत समुद्राकडे. लाट आली की बाकीचे वर-खाली होतात. ते होत नाही.

यॉर्नला विचारलं, तुमच्या पलीकडे कोण आहे. तो वळून बघून म्हणाला, कुणी नाही.

साडेतीनला सगळ्यांना बाहेर बोलावलं. आठही आले, एकेकाला टॉवेलसकट मोजलं. पाण्यात एक डोकं होतं. पाण्यात माणूस असताना झेंडे काढायचे नाहीत, हा पहिला नियम. मी हाका मारल्या, हात हलवले. पाचला ऊन गेलं. पाणी राखाडी झालं. मला थंडी वाजायला लागली. झेंडे तसेच ठेवून मी निघून आले.

हे लिहायला नको वाटतं. पण आले.

स्वयंपाकघरात केर्तू पास्ता ढवळत होती. म्हणाली, आज पन्नास आकडे तरंगले मी. आणि मग म्हणाली, ‘पण लॉरेल, तुझा हात बर्फासारखा होता. पाठीला अजून जाणवतोय.’

मी आज पाण्यात उतरलेच नव्हते.

तिला तसं सांगितलं. तिने चमचा भांड्यावर ठेवला. मग म्हणाली, यॉर्न असेल, त्याला बघते. आणि हसली. तिच्या टॉपच्या मागे, पाठीवर, ओली खूण होती. पाच बोटांची नव्हती. नुसता तळहात.

११ मे, सोमवार

आजपासून धडे बंद, असं केर्तूला सांगितलं. कारण विचारलं तर मला नीट सांगता आलं नाही. ती चिडली. आठ दिवसांवर बोट आली आणि आता कुठे जमायला लागलं, म्हणाली. ‘तू माझी आई नाहीस. माझी आई पण मला असं अडवत नाही.’ भांडी आपटली. मला मूल नाही. ते तिला ठाऊक नव्हतं.

मर्व्ह स्वतःहून आला. व्हरांड्याच्या पायरीवर बसला, वर आला नाही. सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते.

बावीस वर्षांपूर्वी एप्रिलचा शेवटचा रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस. पहाऱ्यावर चौघे, मर्व्ह त्यांचा प्रमुख. पहारा पाचपर्यंत, पण क्लबात दोनलाच बिअर सुरू झाली. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. एकेक करत चौघेही वर गेले. प्रत्येकाला वाटलं, झेंडे दुसरा काढेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वर एक भाड्याची गाडी उभी होती आणि वाळूवर, झेंड्यांच्या मधे, पाच टॉवेल ओळीने पसरलेले. झेंडे बघून उतरली होती बिचारी. बाहेरगावची पोरं, सॅक घेऊन हिंडणारी. समुद्राने आठ दिवसांत चार परत दिले. गाडीत कागद चौघांचेच होते. पाचवं कोण, ते कुणालाच कळलं नाही. वाटेत कुणालातरी गाडीत घेतलं असेल. त्याला शोधायला कुणी आलं नाही, कारण कुठून येणार, नावच नव्हतं. आम्ही त्याला तीन दिवस शोधून थांबलो, म्हणाला.

तेव्हापासून झेंडे परत येतात. क्लबवाल्यांनी उपटले, जाळले, क्लब बंद केला. ‘पण स्वतःच्या हाताने कुणी रोवले नव्हते. तू रोवलेस बाई. पहारा तुझा झाला. आणि काल तू ते उभे ठेवून, पाण्यात माणूस ठेवून, निघून आलीस. मी टेकडीवरून बघत होतो.’

मी विचारलं, आता काय करू. तो म्हणाला, पहिल्या बसने जा. मी म्हटलं, तू का नाही गेलास? म्हणाला, ‘मी पाण्याजवळ गेलेलो नाही त्या दिवसापासून. एवढंच जमलं.’

१२ मे, मंगळवार

गुरुवारची बस, पावणेअकराची. मी दोन जागा सांगून ठेवल्या. ब्रिस्बेनला पोहण्याचा मोठा तलाव आहे, आखलेल्या पट्ट्यांचा, तिथे चार दिवसांत शिकवते असं केर्तूला कबूल केलं. ती हो म्हणाली. समेट म्हणून मला फळीवरचं अर्धं चॉकलेट दिलं.

दुपारी कपडे धुताना तिचा टॉवेल हाताला लागला. चिंब. खाली खाऱ्या पाण्याचं थारोळं.

विचारलं तर लपवलं नाही. सकाळी सातला जाते म्हणाली. शंभर आकडे तरंगते. पाठीखाली हात लागत नाही आता. ‘आता तो फक्त घोटा धरतो. म्हणजे मी वाहून जात नाही.’

कोण धरतो, केर्तू?

ती जरा विचार करून म्हणाली, ‘मी नाव विचारलं होतं. त्याला सांगता आलं नाही.’

हे तिने इतकं सहज सांगितलं, जसं कुणी खाली येणाऱ्यांपैकी भेटला असावा.

१३ मे, बुधवार

पाऊस. केर्तूला दिवसभर डोळ्यांसमोर ठेवलं. पत्ते खेळलो. ती खिडकीकडे बघून खेळत होती, तरी जिंकली.

दोनला तिला जॅनाइनजवळ बसवून किनाऱ्यावर जाऊन आले. झेंडे काढायचे आणि संपवायचं असं ठरवून.

झेंडे ओढीवर परत गेलेत. पाण्याच्या काठाला, दोघांमधलं अंतर कमी झालंय. दोन हात पसरले तर दोन्हींना लागतील.

पावसात आत कुणी गेलेलं नाही. डोकी १.

मी पहिल्या झेंड्याला हात घातला. डोक्याने वळायला सुरुवात केली. सावकाश. मी हात काढला. ते थांबलं.

मग एक हात वर आला, सरळ. मदत हवी असली की करतात तसा. तो बघून डेस एकदाही थांबला नव्हता, एकतीस वर्षांत.

मी थांबले. मागे मागे आले, पाठ न फिरवता.

त्याला शोधणं या लोकांनी तीन दिवसांत सोडलं होतं. तो त्यांच्यावर चिडलाय का, ते कळत नाही. मला तरी तो चिडलेला वाटला नाही. कंटाळलेला वाटला. ते जास्त वाईट.

१४ मे, गुरुवार

१०.१५ पेट्रोल पंपासमोर. दोन्ही सॅक माझ्याजवळ. केर्तू फुकटच्या फळीवर उरलेला तांदूळ ठेवून येते म्हणाली, पाच मिनिटांत.

१०.३० नाही आली. जॅनाइनला फोन लावला. ती म्हणाली, अगं, ती कधीच बाहेर पडली, टॉवेल घेऊन.

१०.४५ बस आली. मी चढले नाही. सॅक तिथेच टाकल्या.

१०.५८ किनारा. वाळूवर तिचा टॉवेल, नीट पसरलेला. झेंडे इतके जवळ की मधून एकच माणूस जाईल.

केर्तू आत आहे. लांब, गडद पट्ट्याच्या टोकाला. पाठीवर तरंगतेय, हात पसरून, सुरेख, मी शिकवलं तसं. मी हाक मारली. तिने हात हलवला. हसतेय. आणि दर क्षणाला लांब—

११.०२ डोकी २. तिचं, आणि तिच्या पायांजवळ.

११.०४ फ्रेंच पोरगी टेकडीवर आली होती. तिला फोन करायला पिटाळलं. मदतीची बोट दक्षिणेच्या गावाहून, चाळीस मिनिटं लागणार. मर्व्ह वर उभा आहे. पाय उचलत नाही. रडतोय.

११.०६ आता ती हसत नाही. तिला कळलंय. ओरडतेय, आवाज येत नाही, तोंड दिसतं. घोटा सोडवायला बघतेय—

दोघांचेही हात वर.

११.०७ बूट काढले. ओढीतून सरळ आत, तीच सगळ्यात लवकर नेते. तिला पकडायचं, मग आडवं, उत्तरेला, बांधाकडे. मला जमतं हे. मला पाण्यात भीती वाटत नाही, कधीच नव्हती.

डेस म्हणायचा, आत शिरण्याआधी लिहून ठेव. आपण नाही आलो तर मागून येणाऱ्याला कळायला हवं, किती जण शोधायचे.

म्हणून. पाण्यात केर्तू काल्लास, वय तेवीस. लॉरेल पेटिग्रू, वय त्रेसष्ट. दोन. नावं दोन आहेत. दोघींना शोधल्याशिवाय थांबू नका.

तिसरा हात वर दिसला तर तो— त्याचं नाव कुणाला— त्याला पण—

नाही. आधी केर्तूला. मर्व्हला सांगा, झेंडे कुणी काढायचे नाहीत, मी बाहेर येईपर्यंत कुणीही—